अजिंठा : सतरा नंबरच्या लेण्यात दोन तास. तुम्ही जाण्याआधी काय वाचून जाता?

कुंचला

डिसेंबरात अण्णांना घेऊन अजिंठ्याला जाऊन आले. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७६. जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी कॅलेंडरवरून बघून काढलेला अजिंठ्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व पंचवीस वर्षं होता. पुढे कधीतरी शाळेला रंग लावला आणि तो त्याखाली गेला. अण्णा स्वतः अजिंठ्याला एकदाच गेले होते, १९७१ साली, ए.टी.डी.च्या (चित्रकला शिक्षकाच्या पदविकेच्या) सहलीतून.

मीही एकदा गेले होते, आठवीत. त्या सहलीतलं मला आठवतं ते ऊन, पायऱ्या, तिखटमीठ लावलेली काकडी आणि सरांचं 'चला, पुढे चला'. एका दिवसात वेरूळ, दौलताबाद आणि अजिंठा उरकलं होतं. चित्र एकही आठवत नाही.

म्हणून या वेळी ठरवून दोन दिवस काढले, आणि पहिल्या दिवशी फक्त १६ आणि १७ नंबर बघायचं ठरवलं. निघण्याआधी महिनाभर रोज रात्री जेवणानंतर अण्णांना जातककथा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, वाचून दाखवत होते. त्यातली विश्वंतराची कथा तीनदा वाचली, कारण १७ नंबरच्या डाव्या भिंतीवर तीच लांबलचक पसरली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विश्वंतर हा राजपुत्र, मागेल त्याला मागेल ते देणारा. कलिंगात दुष्काळ पडतो, तिथले ब्राह्मण येऊन राज्याला पाऊस आणणारा पांढरा हत्ती मागतात आणि हा देऊन टाकतो. प्रजा खवळते, बाप त्याला वनवासाला धाडतो. वाटेत घोडे देतो, रथ देतो. वनात जूजक नावाचा म्हातारा ब्राह्मण येऊन दोन्ही लेकरं मागतो, तीही देतो. शेवटी इंद्र वेष पालटून त्याची बायको माद्री मागायला येतो. पुढे सगळं परत मिळतं. पण ऐकताना अण्णा दर वेळी लेकरांपाशी मला थांबवायचे. म्हणायचे, "हे काही मला पटत नाही."

लेण्यात शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. अंधार, गर्दी, माणसांवर माणसं रंगवलेली. मी डावीकडून उजवीकडे कथा लावायला गेले आणि गोंधळले, कारण चित्र काळाच्या क्रमाने जातच नाही. डीटर श्लिंग्लॉफ या जर्मन अभ्यासकाने हे नीट उलगडून दाखवलं आहे. अजिंठ्याचा चितारी जागेप्रमाणे कथा मांडतो. राजवाड्यात जे जे घडलं, आधीचं असो की शेवटचं, ते राजवाड्याजवळ. वनातलं सगळं वनात. एकाच भिंतीवर तोच माणूस चार वेळा दिसतो, आणि कुठली वेळ आधीची ते कथा माहीत असलेल्यानेच लावायचं. मी हे वाचून गेले होते, तरी तिथे विसरले.

अण्णांनी मात्र युक्ती काढली. ते जूजक शोधत बसले. पडके दात, बोकडासारखी दाढी, हावरा चेहरा. एकदा ओळखला की तो कुठेही सापडतो. "हा बघ, परत आला." असं करत करत त्यांनी अख्खी भिंत लावली. त्यांच्याजवळ कॉलेजची दोन मुलं येऊन उभी राहिली, मग एक कुटुंब. अण्णा शाळेतल्या आवाजात कथा सांगायला लागले. आत ठरावीकच माणसं सोडतात, त्यामुळे गर्दी वाढली की आम्ही बाहेर यायचो, थोडं बसायचो, परत आत जायचो. असे मिळून दोन तास.

बाहेर आलो तेव्हा मी त्यांना व्हरांड्याबाहेरच्या भिंतीवरचा शिलालेख दाखवला. संस्कृत, श्लोकबद्ध, बराच झिजलेला. हे लेणं खोदवणारा वाकाटक घराण्याचा मांडलिक राजा होता. त्याचा धाकटा भाऊ रविसांब मेला, त्या दुःखाने त्याला सगळ्याची अनित्यता उमगली आणि त्याने आपलं धन स्तूप-विहारांवर लावलं, असं त्या लेखात आहे. राजाचं स्वतःचं नाव तिथे धड वाचता येत नाही. भावाचं येतं.

अण्णांचा धाकटा भाऊ, आमचा बाळूकाका, करोनात गेला. अण्णांनी मला ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे आत जे बघितलं ते सगळं भावासाठी." आणि काठी टेकत पुन्हा आत गेले, एकटेच.

तर विचारायचं हे की, अशा ठिकाणी जाण्याआधी तुम्ही काय वाचता? अजिंठ्यातली एकच भिंत बघा असं सांगायचं झालं तर कुठली सांगाल? आम्हाला परत जायचंय.

---

वाघूरकाठचा

ताई, अण्णांना नमस्कार सांगा. मी फर्दापूरकडचा. आजोबा निजामाच्या काळात लेण्यांवर रखवालीला होते.

आधी कामाच्या गोष्टी, कारण दर आठवड्याला कोणी ना कोणी हिरमुसून परत जाताना बघतो. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सकाळी ९ ला उघडतं तेव्हा दारात हजर राहा. फाट्यावर गाडी लावून तिथल्या बसने चार किलोमीटर आत जावं लागतं. जळगावहून ६० किलोमीटर, संभाजीनगरहून १००. पायऱ्या झेपत नसतील तर डोलीवाले असतात, पण भाव आधी ठरवा.

आमच्याकडे कोणी 'अजिंठा' म्हणत नाही, 'लेणी' म्हणतात. अजिंठा गाव वेगळं, घाट चढून वर. लेण्यांना खरं जवळचं गाव म्हणजे लेणापूर, वरच्या पठारावर. तिथल्या दर्शनबिंदूवरून (व्ह्यू पॉइंट म्हणतात तो) घोड्याच्या नालासारखी वळलेली वाघूरची दरी आणि तिच्या कुशीत सगळी तीस लेणी एका नजरेत येतात. पावसाळ्यात सप्तकुंडाचा धबधबा दरीच्या टोकाला कोसळत असतो. तिथून पायवाट खाली उतरते. अण्णांना नको, पण तुम्ही उतरा.

आमच्या लहानपणी आत वीज नव्हती. लेण्याच्या दारात एक जण पत्रा घेऊन उभा राही, ऊन झेलून आत फेकी, आत दुसरा पांढरं कापड घेऊन ते भिंतीवर वळवी. अण्णांनी १९७१ ला हेच बघितलं असणार, विचारा त्यांना. तो उजेड हलायचा आणि चित्रातली माणसं हलल्यासारखी वाटायची.

एक भिंत विचारलीत तर माझी २६ नंबर. भिंत नव्हे, शिल्प. डाव्या अंगाला आडवा बुद्ध, महापरिनिर्वाणाचा, जवळजवळ सात मीटर लांब. खाली रडणारे भिक्षू आणि वर आनंदाने वाजवणारे गंधर्व. आजोबा म्हणायचे, खालच्यांना माणूस गेलेला दिसतो, वरच्यांना आलेला दिसतो.

---

पाटीपेन्सिल

लेख वाचताना घसा दाटला. जूजक शोधायची युक्ती माझ्या सातवीच्या वर्गाला सांगणार आहे. फेब्रुवारीत सहल नेतेय.

---

ब्राह्मीवाचक

उत्तम धागा. शिलालेखाचं लिहिलंत म्हणून राहवत नाही.

माझं सांगणं असं की अजिंठ्याला जाताना दानलेख वाचून जा. चित्रांवर पुस्तकं ढिगाने आहेत. पण ही लेणी कुणी, कशासाठी, कुणाच्या आठवणीत दिली हे दगडावर लिहिलेलं असताना आपण त्याच्या पुढून निघून जातो.

सगळ्यात जुना लेख १० नंबरच्या दर्शनी कमानीवर आहे, इसवी सनाच्या आधीच्या शतकांतला, प्राकृतात: 'वासिठिपुतस कटहादिनो घरमुख दानं'. वासिष्ठीपुत्र कटहादीने लेण्याचं 'घरमुख', म्हणजे दर्शनी भाग, दान दिला. अख्खं लेणं देण्याइतका पैसा नसेल, म्हणून दार दिलं. 'घरमुख' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा किती वेळ तिथेच उभा होतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आणि शब्द आपल्या घरातला.

त्यानंतर काही शतकं काम थांबलं. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात पुन्हा टाकी वाजू लागली. १६ नंबर त्याचा सचिव वराहदेव याने दिलं. त्याच्या लेखात विंध्यशक्तीपासून वाकाटकांची वंशावळ आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात वाचला गेला, पण त्यातले काही राजे कुठल्या शाखेचे याचा उलगडा होत नव्हता. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो आणि हा लेख शेजारी ठेवून दाखवलं की वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्म इथून राज्य करत होती. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. अजिंठ्याची सगळी श्रीमंती ज्या दरबारातून आली ते गाव आज किती जणांना त्यासाठी माहीत आहे?

आणि २६ नंबर, ज्याबद्दल वर वाघूरकाठचा यांनी लिहिलं. ते बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने दिलं, अश्मक राजाचा मंत्री भव्विराज या आपल्या मित्राच्या नावाने आणि आईवडिलांसाठी. त्या लेखात एक श्लोक आहे. त्याचा भाव असा, की जगात माणसाची आठवण हिरवी असते तोवर तो स्वर्गात सुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकेल अशी कीर्ती डोंगरात उभारावी.

ताई, पुढच्या वेळी अण्णांना हा लेख दाखवा.

---

रंगारी

ब्राह्मीवाचक सरांनी दात्यांचं सांगितलं, मी हाताचं सांगतो. मी भित्तिचित्रांच्या जतनाच्या कामात काही वर्षं काढली आहेत (अजिंठ्यात नाही).

पहिली गोष्ट, हे 'फ्रेस्को' नाही. ओल्या चुन्यावर रंगवलेलं नाही. बेसॉल्टच्या खडबडीत भिंतीवर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवत, वनस्पतींचे तंतू. त्यावर बारीक थर, मग चुन्याचा पातळ हात, तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात खललेले रंग. रंग जवळपासचेच: गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, आणि इथल्याच खडकात मिळणारी हिरवी माती. फक्त निळा परका. तो लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला. १० नंबरच्या सातवाहनकालीन चित्रांत तो दिसत नाही, वाकाटकांच्या काळात दिसतो. तेवढ्या एका रंगावरून व्यापाराच्या वाटा कुठवर पोचल्या होत्या ते कळतं.

त्याच तुसाने घातही केला. कीटक तूस खातात, गिलावा पोकळ होतो आणि पापुद्रे सुटतात. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडले आहेत, अजिंठ्यात ते नाहीत. वेरूळचा गिलावा कीटकांपासून जास्त वाचला त्यामागे हे एक कारण असावं असं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात काम केलेल्या रसायनतज्ज्ञांनी २०१६ साली मांडलं.

दुसरा घात प्रेमाने झाला. १९२० ते २२ या काळात हैदराबादच्या निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन जतनतज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटलेले पापुद्रे पक्के केले, आणि त्यांनी ते केलं नसतं तर आज कितीतरी चित्रं उरली नसती. पण वरून लाखेचं रोगण दिलं. ते पुढे पिवळं पडलं, त्यावर धूळ आणि वटवाघळांची घाण बसली. अजिंठ्याचे रंग मूळचेच तपकिरी, अशी आपली समजूत त्यामुळे झाली आहे. मूळ रंग स्वच्छ, उजळ होते. नंतरच्या काळात जिथे ते रोगण काढलं आहे तिथे बघा.

माझी भिंत विचाराल तर भिंत नाहीच, छत. २ नंबरचं. मान दुखेपर्यंत बघा. आणि २४ नंबर अर्धवट सोडलेलं आहे, तिथे सगळे जात नाहीत, पण तिथेच लेणं कसं कोरत ते कळतं.

---

कुंचला

रंगारी, किती किती धन्यवाद. अण्णा आत म्हणाले होते की "हा रंग याचा नाही, वर काहीतरी आहे." मी म्हटलं, अण्णा, दीड हजार वर्षं झाली, रंग उडणारच. आता त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण दोनदा वाचायला लावला.

पत्र्याचं विचारलं. "हो हो, पत्रा! आणि पत्रा धरणाऱ्याला आम्ही चहा पाजला म्हणून त्याने पद्मपाणीवर ऊन जास्त वेळ धरलं होतं." हे आजवर कधी सांगितलं नव्हतं त्यांनी.

---

थेम्सकाठी

अण्णांनी शाळेत पद्मपाणी काढला होता हे वाचून लिहायला बसले. कारण अजिंठ्याची नक्कल करणाऱ्यांची एक मोठी परंपरा आहे आणि तुमचे अण्णा त्यातले आहेत.

मद्रासच्या घोडदळातल्या जॉन स्मिथने २८ एप्रिल १८१९ ला शिकारीच्या वाटेवर १० नंबरचं लेणं बघितलं आणि एका खांबावरच्या चित्रावर आपलं नाव कोरलं. ते आज माणसाच्या डोक्याच्या वर आहे, कारण तेव्हा तो साचलेल्या मातीच्या ढिगावर उभा होता. पुढे १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या प्रती करायला नेमलं. तो वीस वर्षांच्या आसपास त्यात होता. त्याची मोठाली तैलचित्रं लंडनला गेली आणि डिसेंबर १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळी जळाली. गिल १८७९ मध्ये वारला, भुसावळला त्याचं थडगं आहे. अजिंठा गावात गिलला प्रिय असलेल्या पारोची समाधी आहे, १८५६ सालची. त्या दोघांबद्दल पुष्कळ सांगितलं जातं, त्यातलं दगडावर लिहिलेलं तेवढंच मी धरते.

मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात काम करत राहिले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्यांनी तीनशेच्या आसपास प्रती केल्या. त्याही लंडनला आल्या आणि १८८५ मध्ये त्यांच्यातल्याही बऱ्याच आगीत गेल्या. दोनदा! उरलेल्या इथे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे १९०९ ते ११ दरम्यान लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्याबरोबर चित्रकार नंदलाल बोस होते, असितकुमार हालदार होते.

आता एक करून बघा. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर या प्रतींची छायाचित्रं आहेत. तुम्ही जी भिंत बघणार तिची प्रत फोनमध्ये घेऊन जा. दीडशे वर्षांपूर्वी जे दिसत होतं आणि आज जिथे नुसता मातीचा डाग आहे, ते शेजारी शेजारी धरता येतं. मी मागच्या भारतभेटीत १ नंबरमध्ये असं केलं. एका ठिकाणी प्रतीत पूर्ण चेहरा होता आणि भिंतीवर आता फक्त कान आणि कुंडल. जे. जे.च्या कुणा विद्यार्थ्याने महिनोन्‌महिने तिथे बसून तो चेहरा उतरवला म्हणून तो आहे.

---

सह्यमित्र

ब्राह्मीवाचक सर, एक शंका. दुसऱ्या टप्प्याचं सगळं काम हरिषेणाच्या वीसेक वर्षांत झालं हे अजिंठ्याचे अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांचं मत सगळ्यांना मान्य आहे का? मी जुन्या पुस्तकांत सातव्या शतकापर्यंत वाचलं होतं.

---

ब्राह्मीवाचक

सगळ्यांना नाही. स्पिंक यांनी आयुष्य त्यात घातलं. त्यांच्या मते इसवी सन ४६२ च्या सुमारास सुरुवात झाली आणि ४८० पर्यंत सगळं संपलं. त्यांचे पुरावे बघा, नुसती शैली नाही. दाराच्या बिजागऱ्यांची भोकं किती झिजली आहेत, गाभाऱ्याच्या छतावर दिव्याची काजळी आहे की नाही. जिथे काजळी नाही तिथे पूजा फारशी झालीच नाही, म्हणजे लेणं घाईत सोडलं गेलं. विरोध करणारे म्हणतात, एवढा डोंगर इतक्या थोड्या वर्षांत कोरणं आणि रंगवणं शक्य नाही, आणि काही लेखांची अक्षरं नंतरची वाटतात.

मला स्वतःला वर्षं थोडी मागेपुढे झाली तरी काम एका झपाट्यात झालं आणि झपाट्यात थांबलं हे पटतं. ४ नंबर बघा. सगळ्यांत मोठा विहार, आणि अर्धवट.

आणखी एक. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला होता. पूर्वेच्या डोंगरातल्या खोल दरीतल्या एका संघारामाचं, म्हणजे बौद्ध मठाचं, वर्णन त्याने लिहून ठेवलं आहे, तिथे बाहेर दगडी हत्ती आहेत असं म्हटलं आहे, आणि तो अचल नावाच्या अर्हताने बांधला असं सांगितलं आहे. १६ नंबरच्या जिन्यापाशी दोन हत्ती आजही आहेत, आणि २६ नंबरच्या लेखात स्थविर अचलाचं नाव आहे.

---

पाटीपेन्सिल

एक तक्रार मनात होती ती मांडते. मागच्या खेपेस आम्ही घेतलेल्या वाटाड्याने सगळा वेळ टॉर्च मारून 'मोती चमकतात बघा' आणि 'काळी राणी' एवढंच दाखवलं. मुलं खूश झाली. पण १७ नंबरमध्ये बुद्ध भिक्षापात्र घेऊन स्वतःच्याच दारात येतो आणि यशोधरा राहुलला पुढे करते, ते चित्र त्याने ओलांडलं. मला नंतर पुस्तकात बघून कळलं. बुद्ध केवढा मोठा काढलाय आणि ती दोघं केवढी लहान. आई म्हणून ते चित्र मला समोर उभं राहून बघायचं होतं.

---

रंगारी

मोती चमकतात ते खरं आहे, पांढऱ्या रंगाचा जाड ठिपका वर उचलून ठेवला आहे, तिरप्या उजेडात त्याची कड दिसते. चिताऱ्याचं कसब आहेच. पण टॉर्च आणि फ्लॅश दोन्ही टाळा. यशोधरेचं चित्र गाभाऱ्याकडच्या दालनात आहे, मुलांना तिथे शांत बसवा.

---

रानवाट

कुंचला ताई, परत जाणार असाल तर एक जागा जोडा. सिल्लोड तालुक्यात जंजाळ्याच्या किल्ल्याजवळ घटोत्कच लेणी. पांडवांचं नाव लोकांनी दिलेलं, लेणी बौद्ध. तिथे वराहदेवाचाच लेख आहे, १६ नंबरवाल्याचा. त्यात त्याच्या घराण्याची माहिती आहे. जागतिक वारशाच्या यादीत अजिंठा १९८३ पासून आहे, वेरूळही त्याच वर्षीचं, पण घटोत्कचला आम्ही गेलो तेव्हा आम्ही तिघं आणि एक गुराखी. उतरायला पायवाट आहे, हिवाळ्यात बरी. अण्णांना वर किल्ल्यापाशी सावलीत बसवून तुम्ही जाऊन या.

---

कुंचला

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णांना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. २६ नंबरच्या श्लोकाचा भाव त्यांनी वहीत उतरवून घेतला. थेम्सकाठी यांनी सांगितलेल्या संकेतस्थळावरच्या प्रती मी संगणकावर मोठ्या करून दाखवल्या, तर त्यांनी कागद मागितला. तीन दिवस जूजक काढतायत. दाढी जमत नाही म्हणतात.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निघतोय, सोमवार टाळून. पहिला दिवस २६ नंबर, दुसरा दिवस परत १७, तिसऱ्या दिवशी घटोत्कच. सावलीत बसायला अण्णा तयार नाहीत, पायवाट उतरणार म्हणतात. रानवाट, वाट किती वेळाची आहे आणि काठी टेकायला जागा आहे का, तेवढं सांगाल का?